साडूंपेक्षा दीड इंच जास्त

बर्फ मोजायला सगळ्यात वाईट जागा म्हणजे मागच्या अंगणातलं टेबल, आणि अमेरिकेत सगळ्यात जास्त बर्फ तिथेच मोजला जातो. उन्हाळ्यात त्यावर कणसं आणि कबाब झालेले असतात. थंडी लागली की ते गराजमध्ये टाकायचं ठरतं आणि राहून जातं. मग एखाद्या सकाळी वादळ सरल्यावर त्या टेबलावर बर्फाचा असा गोल, गुबगुबीत, कडेने नीट उतरलेला थर उभा असतो की घरच्यांना फोटो काढल्याशिवाय राहवत नाही. नुसत्या फोटोवरून खोली काय कळणार? म्हणून कोणी त्यात मुलांच्या दप्तरातली फूटपट्टी खुपसतो, कोणी बिअरची बाटली, कोणी शेजारी कुत्र्याला उभं करतो. फोटो सगळ्या गोतावळ्यात फिरतो. खाली लिहिलेलं असतं, ‘आमच्याकडे वीस इंच!’

कुत्रा हे मापाचं अधिकृत साधन नाही, हे सांगायला जाऊ नये. टेबलाची फळी वरून-खालून गार पडते, त्यामुळे जमिनीच्या उबेने खालचा थोडा बर्फ विरघळायचा तो विरघळत नाही. शिवाय घराच्या भिंतीवर आपटलेला वारा आपला सगळा माल तिथेच टाकून जातो. शेजारच्या हिरवळीवर चौदा इंच असतात तेव्हा टेबलावर वीस सहज निघतात. वरचे सहा कुठून आले असं विचारणाऱ्याला त्या घरी पुन्हा चहाला बोलावत नाहीत.

आम्ही बॉस्टनच्या पश्चिमेला एका उपनगरात राहतो. इथे हिवाळ्यात समुद्रावरून ईशान्येचे वारे घेऊन ‘नॉरईस्टर’ नावाची वादळं येतात. त्यात काय काय होतं ते तुम्ही सिनेमात पाहिलेलं आहे. शाळा बंद, विमानं रद्द, दुकानातला ब्रेड आणि दूध गायब. तो भाग मी सोडून देते. मला सांगायचंय ते वादळ थांबल्यानंतरचं. माणसं फावडी घेऊन बाहेर पडतात, कंबर धरते, शोधल्यावर गाडी सापडते. आणि ज्या बर्फाला रात्रभर शिव्या घातल्या, तो शेजारच्या गावात आपल्यापेक्षा जास्त पडला असं कळलं की याच माणसांची तोंडं उतरतात. संकट यायचंच होतं तर निदान पहिल्या नंबरचं तरी यावं, एवढीच त्यांची माफक अपेक्षा असते.

आमच्या घरी हे खूळ नवऱ्याला आहे. त्याच्या तोडीस तोड खूळ माझ्या ताईच्या नवऱ्याला, म्हणजे न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या भाऊजींना. नवरा पुण्याचा, भाऊजी पार्ल्याचे. साडू-साडूंमध्ये एक तुलना कायमचीच चाललेली असते. सासुरवाडीला ताटाभोवती रांगोळी कोणाच्या होती, इथपासून ती सुरू होते. त्यात पुणे-मुंबई आलं, आणि आता हा बर्फ. वादळ बहुधा किनाऱ्याने दक्षिणेकडून वर सरकतं, त्यामुळे भाऊजींचा आकडा आधी तयार होतो. पण ते तो सांगतील तर शपथ.

“काय साडूभाऊ, किती झाला स्नो?”

“तुमच्याकडे सुरू झाला का?”

“आत्ताशी. तुम्ही सांगा ना.”

“अहो, कसलं काय! भुरभुर आहे नुसती.”

भुरभुर म्हणजे दहा इंच. जो आधी आकडा सांगेल तो हरला, हे दोघांनाही पक्कं ठाऊक आहे, कारण दुसरा त्यावर दीड इंच चढवूनच बोलतो. मग ताईचा फोन येतो. “हे विचारतायत, तुमच्याकडे खरा किती पडला?” आम्ही दोघी बहिणी हेरगिरी करतो आणि दोघी आपापल्या नवऱ्याला खोटं सांगतो. संसार टिकवायचे मार्ग वेगवेगळे असतात.

नवरा टेबलवाल्यांमधला नाही, हे मात्र कबूल करायला हवं. त्याचं काम शास्त्रोक्त. बर्फ मोजायला दोन फूट बाय दोन फूट प्लायवूडची फळी लागते आणि तिला पांढरा रंग द्यावा लागतो. काळ्या-तपकिरी फळीवर ऊन पडलं की ती तापते आणि पहिले कण मोजायच्या आधीच वितळून जातात. तेवढ्या फळीला रंगाचे तीन हात झाले. स्वयंपाकघरातलं कपाट रंगवायचं काम त्याच्या कितीतरी आधीपासून पडून आहे. फळी घर, झाडं आणि कुंपण यांच्यापासून लांब ठेवायची आणि ती सापडावी म्हणून शेजारी एक काठी रोवून तिला फडकं बांधायचं. आमच्या काठीला भगवं फडकं आहे. समोरचे अमेरिकन आजोबा मला अदबीने विचारत होते, हा तुमचा हिवाळ्यातला सण का? मी हो म्हटलं. समजावत कोण बसणार.

मोजण्याचा विधीही पाहण्यासारखा असतो. पायजम्यावर गमबूट, कपाळावर खाणकामगारासारखा दिवा. तो फळीजवळ जाऊन गुडघे टेकतो. पट्टी सरळ उभी धरून हळूहळू खाली सरकवतो. लाकडाला टेकल्याचं ‘टक्’ ऐकू आलं की श्वास रोखून, एक डोळा मिटून वाचतो. ही पट्टीही साधी नाही. इथल्या दुकानात मिळणाऱ्या पट्टीवर इंचाचे सोळा भाग असतात आणि ताजा बर्फ मोजायचा असतो इंचाच्या दहाव्या भागापर्यंत. म्हणून दहा भागांची पट्टी वेगळी मागवली आहे. ती देवघराच्या खणात असते. एकाच जागी मोजून भागत नाही, वारा असेल तर चार ठिकाणी मोजून सरासरी काढायची. मग फळी झाडायची आणि नव्या बर्फाच्या पातळीवर पुन्हा मांडायची. बर्फ पडला पण एक दशांश इंचही भरला नाही, तर नोंद करायची ‘ट्रेस’. म्हणजे लवलेश. या लवलेशाचा नियम मला फार आवडतो. महिनाभर रोज ट्रेस पडला तरी महिन्याची बेरीज ट्रेसच. नवऱ्याच्या स्वयंपाकघरातल्या मदतीची नोंदही मी याच पद्धतीने ठेवते.

हे सगळं कोणासाठी, असं तुम्ही विचाराल. अमेरिकेच्या हवामान खात्याची स्वयंसेवक निरीक्षकांची व्यवस्था 1890 सालापासून चालू आहे. शेतकरी, शिक्षक, पाद्री अशा लोकांनी बिनपगारी तापमान आणि पाऊस लिहून ठेवला, त्यावर या देशाचा हवामानाचा इतिहास उभा आहे. 1997 सालच्या जुलैत कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स गावात ढगफुटीसारखा पाऊस होऊन पूर आला. गावाच्या एका टोकाला प्रलय आणि दुसऱ्या टोकाला त्या मानाने फारच थोडा पाऊस. मोजणारी ठिकाणं कमी पडली म्हणून पुढच्या वर्षी तिथल्या विद्यापीठातून घरोघरच्या मापकांचं आणखी एक जाळं सुरू झालं. ते आता देशभर पसरलं आहे. आमचे हे त्यात आहेत. सकाळी सातच्या सुमाराला आकडा पाठवायचा असतो. एरवी रविवारी दहाला उठणारा माणूस वादळाच्या दुसऱ्या दिवशी पावणेसातला अंघोळ करून तयार असतो.

काठी आणि फडकं या गोष्टी हसण्यावारी नेऊ नयेत, हे मला 2016 साली पटलं. त्या जानेवारीत पूर्व किनाऱ्यावर मोठं हिमवादळ झालं. वॉशिंग्टनच्या आजूबाजूला डलस विमानतळावर 29.3 इंच, बाल्टिमोरच्या विमानतळावर 29.2 इंच, आणि राजधानीची अधिकृत नोंद जिथे होते त्या रेगन नॅशनल विमानतळावर 17.8. बातमी बाहेर आली ती अशी, की वादळाच्या मध्यावर तिथल्या निरीक्षकांची मोजायची फळीच बर्फाखाली हरवली. मग त्यांनी इथे-तिथे पट्टी खुपसून सरासरी काढली. विमानतळ नदीकाठी, सखल जागी आहे, त्यामुळे तिथे कमी पडणं हे खरं तर नेहमीचंच. पण वॉशिंग्टनच्या बर्फप्रेमींना ते कोण सांगणार! जगातल्या सगळ्यात बलाढ्य राष्ट्राच्या राजधानीची फळी हरवते, यावर त्यांनी जो आक्रोश केला तसा तिथे निवडणूक हरल्यावरही होत नसेल. आकडा मात्र 17.8 हाच राहिला. आमच्याकडे त्या आठवड्यात काठीची उंची वाढवण्यात आली.

त्याच वादळात न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कची नोंद झाली 26.8 इंच. आधीचा विक्रम फेब्रुवारी 2006 चा, 26.9 इंचांचा. एक दशांश कमी! म्हणजे अडीच मिलिमीटर. तेवढा बर्फ तर मोजणाऱ्याच्या शिंकेने उडून जाईल. पुढे तीन महिने न्यू यॉर्ककर हळहळत होते. एप्रिलमध्ये हवामान खात्याच्या तपासणीत निघालं की निरोपानिरोपीत घोळ झाला होता, खरा आकडा 27.5 आहे आणि विक्रम मोडलेला आहे. तोवर पार्कात गवत उगवलं होतं, झाडांना पालवी फुटली होती. पण वितळून गेलेल्या बर्फाचा आनंद लोकांनी मनापासून साजरा केला. भाऊजी न्यू जर्सीचे, त्यांचा सेंट्रल पार्कशी काडीचा संबंध नाही, तरी त्यांनी नवऱ्याला फोन करून ‘बघा’ असं म्हटलं. काय बघायचं ते सांगितलं नाही.

आता येते ती या छंदातली खरी मेख. बर्फ खोटं बोलत नाही, पण तो बसतो. नुकता पडलेला कण म्हणजे सहा हातांची नाजूक नक्षी, आणि त्या हातांच्या मधे भरलेली असते हवा. साधारण दहा इंच बर्फ वितळवला तर एक इंच पाणी निघतं, असा ढोबळ हिशेब आहे. खूप थंडीतल्या भुसभुशीत बर्फाला वीस इंचही लागतात, आणि समुद्राजवळच्या ओल्या, जड बर्फाला पाचच पुरतात. थर वाढत गेला की वरच्या ओझ्याने खालच्या कणांचे हात मोडतात, हवा निघून जाते आणि एक फूट बर्फ संध्याकाळपर्यंत निमूटपणे नऊ इंच होतो. म्हणजे काय, तर जो दर तासाला मोजून फळी झाडेल आणि शेवटी बेरीज करेल, त्याच्याकडे नेहमी जास्त बर्फ ‘पडतो’. जो सकाळी एकदाच मोजेल त्याच्याकडे कमी. दोघांच्या अंगणात आकाशातून आलं ते तेवढंच. या पळवाटेला आळा म्हणून नियम केलाय की सहा तासांतून एकदाच फळी झाडायची, चोवीस तासांत जास्तीत जास्त चार वेळा.

या एका नियमापायी केवढं रामायण झालं पाहा. न्यू यॉर्क राज्याच्या उत्तरेला, ऑन्टारियो सरोवराच्या पूर्वेला टग हिल नावाचं पठार आहे. सरोवराच्या उबदार पाण्यावरून थंडगार वारा येतो, वाफ उचलतो आणि पठारावर चढताना सगळी तिथे ओततो. तिथल्या माणसांना तीन फूट बर्फ म्हणजे आपल्याला श्रावणसर. त्या पठारावर माँटेग्यू नावाचं चिमुकलं गाव आहे. 11 आणि 12 जानेवारी 1997 ला तिथल्या स्वयंसेवक निरीक्षकाने चोवीस तासांत 77 इंच बर्फ नोंदवला. जवळजवळ साडेसहा फूट, एका दिवसात! अमेरिकेचा चोवीस तासांचा विक्रम होता कोलोरॅडोतल्या सिल्व्हर लेकचा, 1921 च्या एप्रिलमधला, 75.8 इंचांचा. झालं, जुना विक्रम पडला, वर्तमानपत्रांत नाव आलं. आणि मग समिती बसली.

समितीने सगळे कागद तपासले आणि तिला आढळलं की त्या चोवीस तासांत सहा वेळा मोजमाप झालं होतं. चारच्या जागी सहा! निकाल लागला: बर्फ पडला हे खरं, पण विक्रम मान्य नाही. सिल्व्हर लेकचा 75.8 पुन्हा गादीवर. माझ्या डोळ्यांपुढे तो माणूस येतो. बाहेर तासाला कित्येक इंच कोसळतंय, दार उघडत नाही, रस्ता नाही, शेजारी नाही. अशा रात्री तो बिचारा कर्तव्यबुद्धीने दोन वेळा जास्त बाहेर पडला आणि नेमकं तेच त्याला भोवलं. सरकारी कामात जास्तीचं काम करू नये, हे आपल्याकडच्या कोणत्याही कारकुनाने त्याला सांगितलं असतं. आमच्या घरी या प्रकरणाचा दाखला वारंवार दिला जातो, बहुतेक वेळा भाऊजींविरुद्ध. “साडूंचा बर्फ फुगवलेला असतो,” असं नवऱ्याचं ठाम मत आहे. “ते दर दोन तासांनी मोजतात. ताईच सांगत होती.” ताईने असं काहीच सांगितलेलं नाही. मी सांगितलंय.

वादळानंतर हवामान खातं गावोगावच्या आकड्यांची यादी प्रसिद्ध करतं. जिल्ह्यानुसार गावं, प्रत्येकापुढे इंच, मोजल्याची वेळ आणि मोजणारा कोण ते: प्रशिक्षित निरीक्षक, हॅम रेडिओवाला किंवा नुसता ‘नागरिक’. टीव्हीवर ती यादी खालच्या पट्टीवरून सरकत राहते. दहावीचा निकाल लागल्यासारखी माणसं त्यात आपलं गाव शोधतात, आणि मिळाल्यावर शेजारच्या गावाचे गुण बघतात. गावाच्या नावापुढे कधी ‘ईशान्येला एक मैल’ असंही लिहिलेलं असतं. मग त्या ईशान्येच्या मैलावर कोण राहतं याची चौकशी सुरू होते. आमच्या समोरच्या आजोबांना तो माणूस आपल्याच गल्लीतला वाटतो आणि तो टेबलावर मोजतो असा त्यांना दाट संशय आहे. हा संशय आमच्यावर नाही, कारण आमची फळी त्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे. सण संपला का, एवढंच अधूनमधून विचारतात.

बॉस्टनने 2015 साली जो हिवाळा पाहिला त्याची गोष्ट इथले लोक नातवंडांना सांगतील. सुरुवात झाली जानेवारीच्या 26-27 तारखेला. अंदाज होता की न्यू यॉर्कला दोन-तीन फूट पडणार. तिथली भुयारी रेल्वे बर्फापायी बंद ठेवली, असं तिच्या शंभराहून जास्त वर्षांत कधी झालं नव्हतं. आणि सेंट्रल पार्कात पडला 9.8 इंच. वादळ थोडं पूर्वेला सरकलं होतं. न्यू जर्सीच्या बाजूचा अंदाज ज्यांच्याकडे होता त्या हवामान अधिकाऱ्यांनी जाहीर माफी मागितली. बर्फ कमी पडला म्हणून माफी! इकडे बॉस्टनला 24.6 आणि वूस्टरला 34.5 इंच. त्या दिवशी नवऱ्याने भाऊजींना जो सांत्वनाचा फोन केला तितका गोड आवाज मी लग्नाच्या बोलणीतही ऐकला नव्हता. “जाऊ द्या हो, साडूभाऊ. पुढच्या वेळी.”

मग बर्फ थांबेचना. लोकल गाड्या बंद पडल्या, छपरं खचली, गाड्या उभ्या करायला जागा उरली नाही. पोरंटोरं खिडक्यांतून बर्फात उड्या मारायला लागली तेव्हा महापौरांना ‘हा वेडेपणा बंद करा’ असं पत्रकार परिषदेत सांगावं लागलं. फेब्रुवारीअखेर गाव असं विटलं होतं की ‘बर्फ’ शब्द काढला तरी माणसं अंगावर यायची. मार्च उजाडला. आणि मोसमाची बेरीज येऊन अडकली 105.7 इंचांवर. 1995-96 चा विक्रम होता 107.6 इंचांचा.

त्यानंतर जे घडलं ते मानसशास्त्राच्या पुस्तकात घालण्यासारखं आहे. ज्यांनी दोन महिने फावडं खाली ठेवलं नव्हतं, ती माणसं म्हणू लागली, आता आणखी दोन इंच पडायलाच हवा. एवढं सोसलं ते काय दुसऱ्या नंबरासाठी? कॉफीच्या दुकानात, पार्किंगमध्ये, दवाखान्यात हीच चर्चा. पाठीला पट्टा लावलेला माणूस आशेने आभाळाकडे बघत होता. शेवटी 15 मार्चला, रविवारी, 2.9 इंच पडला आणि बेरीज 108.6 झाली. लोकांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. मोसम संपेपर्यंत आकडा 110.6 वर गेला, सव्वानऊ फूट. रस्त्यांवरचा उपसून नेलेला बर्फ बंदराजवळ एका मोकळ्या जागेत टाकला होता, तो कचऱ्यासकट शेवटचा वितळला 14 जुलैला. बॉस्टनकरांना तीही तारीख पाठ आहे.

इतका त्रास काढून विक्रम मिरवायचा, हा काही फक्त बॉस्टनचा रोग नाही. न्यू यॉर्क राज्यातली पाच शहरं, सिरॅक्यूज, बफेलो, रॉचेस्टर, बिंगहॅम्टन आणि ऑल्बनी, दर हिवाळ्यात ‘गोल्डन स्नोबॉल’ नावाच्या चषकासाठी झुंजतात. सगळ्यात जास्त बर्फ ज्याच्याकडे, चषक त्याचा. बहुतेक वेळा तो सिरॅक्यूजच नेतं. याच सिरॅक्यूजच्या नगरपरिषदेने 1992 च्या मार्चअखेर कंटाळून रीतसर ठराव केला होता, की 24 डिसेंबरपर्यंत शहराच्या हद्दीत बर्फ पडण्यास बंदी आहे. ठराव गमतीचा, पण शाई खरी. मुदत संपली. त्या 1992-93 च्या मोसमात सिरॅक्यूजवर 192.1 इंच कोसळला, म्हणजे सोळा फूट. तिथला तो आजवरचा उच्चांक आहे. ठराव करणाऱ्या शहराला हा आकडा तोंडपाठ आहे आणि विचारल्याशिवायही सांगितला जातो.

माझ्या पुण्याच्या आईला यातलं काहीही समजावून सांगावं लागत नाही. पुण्यात शिवाजीनगर, पाषाण आणि लोहगाव अशी पाऊस मोजायची तीन-तीन ठिकाणं असताना जन्म गेला तिचा. “शिवाजीनगरला वीस मिलिमीटर म्हणतायत, पण आपल्याकडे त्याहून जास्त झालाय,” हे वाक्य ती दर जुलैत म्हणते. शिवाजीनगरच्या वेधशाळेला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, कारण हवामान खात्याचं मुख्यालय 1928 साली सिमल्याहून तिथे आलं. नाव सिमल्याचं आणि बर्फाचा पत्ता नाही, याची नवऱ्याला लहानपणापासून खंत आहे.

पार्ल्याच्या भाऊजींकडे मात्र हुकमाचा एक्का आहे. 26 जुलै 2005. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर आणि त्याच शहरात कुलाब्याला पाऊणशेसुद्धा नाही. 2014 च्या नोव्हेंबरात बफेलोलाही हेच झालं. ईरी सरोवरावरून आलेला ढगांचा अरुंद पट्टा एकाच जागी अडून बसला. शहराच्या दक्षिणेला पाच फुटांच्या वर बर्फ आणि काही मैल उत्तरेला बोटभर. उत्तरेकडच्यांनी कोरड्या रस्त्यावर उभं राहून त्या पांढऱ्या भिंतीचे फोटो काढले, आणि फुटबॉलचा सामना डेट्रॉइटला हलवावा लागला. नवरा ही गोष्ट रंगवून सांगत होता. भाऊजींनी शांतपणे ऐकून घेतली.

“पाच फूट ना? आता ऐका. 944 मिलिमीटर पाणी. दहास एक या हिशेबाने किती बर्फ?”

नवऱ्याने फोनवर गुणाकार केला. 9440 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ 372 इंच. एकतीस फूट.

“एकतीस फूट, साडूभाऊ. एका दिवसात. सांताक्रूझ. कुठे तुमचं माँटेग्यू आणि कुठे ते सिल्व्हर लेक. आणि मी स्वतः त्यात छातीभर पाण्यातून चालत पार्ल्याला गेलोय.”

घरात शांतता पसरली. मला वाटलं, हरला बिचारा. पण पुण्याचा माणूस असा हरत नाही. तो उठून आत गेला, वही घेऊन आला आणि म्हणाला, “दहास एक हे प्रमाण कोणी दिलं तुम्हाला? मुंबईची हवा दमट. समुद्रकाठचा बर्फ ओला पडणार. तिथे पाचास एकच धरावं लागेल. साडेपंधरा फूट.”

“साडेपंधरा तर साडेपंधरा! विक्रम मोडतोच की.”

“आणि किती वेळा मोजला असता?”

यावर भाऊजींनी फोन ठेवला. ही गोष्ट झाल्यापासून दिवाळीच्या फराळाचे डबे आले-गेले, पण प्रश्न सुटलेला नाही. एकतीस की साडेपंधरा, यावर दोन्ही घरांत अजून बोलणी चालू आहेत आणि ताईचं नि माझं म्हणणं कोणी ऐकून घेत नाही. तेव्हा हवामानशास्त्र शिकलेल्या वाचकांना एक विनंती आहे. 26 जुलैला सांताक्रूझवर पाण्याऐवजी बर्फ पडला असता तर प्रमाण कितीस किती धरावं, हे हिशेबासकट कळवा. उत्तर दहाकडे झुकत असेल तर मात्र कृपया एडिसनला पाठवू नका, आधी माझ्याकडे पाठवा.